व्हायरसच्या काड्या, मामांची बाग आणि माझे वाया गेलेले चार महिने

मागच्या आठवड्यात टीवायला एचआयव्ही शिकवत होते. फळ्यावर तेच ते चित्र, गोल व्हायरस, त्याला बाहेरनं खिळे ठोकल्यासारखी प्रोटिन्स, शेजारी टी सेल (रोगाशी लढणारी पांढरी पेशी), मध्ये बाण. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला, "मॅडम, हा व्हायरस लॅबवाल्यांना मिळतो कुठं? विकत मिळतो का?" सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, विकत नाही, फुकट मिळायचा. मग कुणी हसलं नाही. तेवढ्यात तास संपला, पुढचे सर दारात येऊन उभे, उत्तर अर्धवटच राहिलं, म्हणून इथं लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

नवीन वाचकांसाठी, मी सांगलीचीच, आता इथल्याच एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, त्याआधी २०११ ते २०१५ पुण्यात एका लॅबमध्ये प्रोजेक्ट फेलो होते, काम एचआयव्हीवर. घरी अजूनही नीट कुणाला सांगितलेलं नाही की नक्की काय करत होते, आईनं शेजाऱ्यांना "रक्ताच्या तपासणीचं काहीतरी" असं सांगून ठेवलेलं होतं आणि मीही ते तसंच राहू दिलं.

तर लोकांना काय वाटतं, की प्रत्येक लॅब आपापला पेशंट शोधते, त्याचं रक्त घेते, त्यातनं व्हायरस काढते आणि काम सुरू. मलाही जॉइन होईपर्यंत असंच वाटायचं. पहिल्याच आठवड्यात सरांनी एक जाडजूड फाइल माझ्यापुढं टाकली आणि म्हणाले, आपल्या फ्रीझरमध्ये जे आहे त्यातलं निम्मं इथनं आलंय, आधी हे वाच. ती अमेरिकेच्या एनआयएचच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या, एड्स रीएजंट प्रोग्रामची कॅटलॉगची पानं होती. १९८८ साली त्यांनी हे सुरू केलं. म्हणजे काय तर एक भांडार. कुणी नवीन सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) बनवली, कुणी व्हायरसचा क्लोन, म्हणजे तंतोतंत नक्कल, बनवला, कुणी चांगली अँटिबॉडी काढली, की त्यातलं थोडं इथं आणून ठेवायचं, भांडारवाले ते वाढवतात, तपासतात, छोट्या छोट्या व्हायल करून ठेवतात आणि जगातल्या कुठल्याही लॅबनं रीतसर अर्ज केला की पाठवतात. एचआयव्हीवरची औषधंसुद्धा प्रयोगासाठी मिळायची. आम्ही मागवायचो तेव्हा वस्तूचे पैसे शून्य, कुरियर मात्र आपलं. इंग्लंडमध्येही असंच एक भांडार आहे. आणि साध्या सेल लाइन, हेला म्हणा, २९३ म्हणा, त्यासाठी पुण्यात विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस आहेच, त्यांचं काम मुळात देशभरच्या लॅबना सेल पुरवायचं.

अटी दोन महत्त्वाच्या. एक, आपल्याला मिळालेलं परस्पर दुसऱ्याला द्यायचं नाही, त्याला हवं असेल तर त्यानं स्वतः अर्ज करावा. दोन, पेपर छापला की खाली लिहायचं, अमुक सेल अमुक प्रोग्रामकडून आल्या, मूळ देणारे अमुक. एचआयव्हीचा कुठलाही पेपर काढा, शेवटी आभाराच्या बारीक अक्षरात हे वाक्य सापडणारच. मी आधी ते वाचायचेच नाही. ह्यातल्या पहिल्या अटीचं काय झालं ते पुढं सांगते.

मला हे सगळं समजलं ते खरं म्हणजे मामांच्या बागेमुळं. मामा तासगाव तालुक्यातले, द्राक्षाची दोन एकर. आमच्याकडं ज्यांनी बाग बघितलीय त्यांना माहितीच आहे की द्राक्ष बी लावून करत नाहीत, काडीवर करतात. रानात आधी डॉगरिजचे खुंट लावायचे, ते जोमात आले की पावसाळ्याच्या शेवटी त्यावर हव्या त्या जातीची काडी आणून कलम भरायचं. आणि काडी आणायची कुठनं, तर ज्याची बाग चांगली त्याच्याकडनं. छाटणीच्या काड्या तशाही टाकूनच द्यायच्या असतात, त्यामुळं पैशाचा प्रश्न नसतो, पाहुणा आला, चहा झाला, काड्यांची मोळी गाडीला बांधली, चालला. थॉमसन सीडलेस अशीच हातोहात जगभर पसरली, म्हणजे एका अर्थी ती सगळी एकच वेल आहे, तुकडे करून वाटलेली. आणि त्याच थॉमसनमध्ये बोरगावच्या एका बागेत एक फांदी जरा वेगळी निघाली, मणी लांबट, तीच पुढं तास-ए-गणेश झाली. सोनाका पण तशीच, सोलापूरकडं नान्नजला निघालेली. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं, काडीवरनं काडी, काडीवरनं काडी करता करता ती बदलली.

सेल लाइनचं अगदी असंच असतं. एका माणसाच्या शरीरातनं एकदा निघालेल्या पेशी, त्या फ्लास्कमध्ये वाढतात, फ्लास्क भरला की स्प्लिट करायचं, परत भरला परत स्प्लिट, आणि दर स्प्लिटला एक नंबर वाढवायचा, त्याला पॅसेज नंबर म्हणतात. हा नंबर वाढत गेला की सेल हळूहळू मूळच्या राहत नाहीत. फरक एवढाच की तास-ए-गणेशनं तासगावचं भलं केलं, आणि लॅबमध्ये असं काही झालं की कुणाची तरी पीएचडी लांबते.

आता व्हायरसची काडी. आमच्या लॅबचा मेन व्हायरस म्हणजे पीएनएलफोरथ्री. नाव असं चमत्कारिक आहे पण एचआयव्हीवर काम करणाऱ्याला हे नाव झोपेत विचारलं तरी माहिती असतं. १९८६ साली अमेरिकेत माल्कम मार्टिन यांच्या लॅबमध्ये बनवलेला प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं एक वर्तुळ, त्यात एचआयव्हीचा पूर्ण जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकं, बसवलेला. प्लाझ्मिड ट्यूबमध्ये असताना तो व्हायरस नसतोच, निव्वळ डीएनए, बॅक्टेरियात घालून हवा तेवढा वाढवा. तो २९३टी सेलमध्ये घातला की त्या सेल ते डीएनए वाचतात आणि दोन दिवसांत मीडियामध्ये खरेखुरे, इन्फेक्शन करू शकणारे व्हायरस सोडायला लागतात. त्यामुळं हे डीएनए सेलमध्ये घालण्यापासून (ट्रान्सफेक्शन) पुढचं सगळं बीएसएल थ्रीमध्ये, म्हणजे धोकादायक जंतूंसाठीच्या बंदिस्त लॅबमध्ये, डबल ग्लोव्ह्ज, मास्क, मागनं बांधायचा गाऊन, आणि नाक खाजलं तरी तसंच बसायचं. (नाक तिथंच खाजतं, बाहेर आल्यावर नाही. ह्यावर कुणीतरी संशोधन करा.)

फायदा काय, तर माझ्या ट्यूबमधला व्हायरस आणि टोकियोतल्या कुणाच्या तरी ट्यूबमधला व्हायरस अक्षर न अक्षर सारखा. पेशंटच्या रक्तातला एचआयव्ही म्हणजे यात्रेतली गर्दी, प्रत्येक कण थोडा वेगळा, कारण त्याचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज एन्झाइम आरएनएवरनं डीएनए लिहिताना चुका करतं आणि त्या खोडायची सोय त्याच्याकडं नाही. मी म्हणणार माझा व्हायरस असा वागला, तुम्ही म्हणणार आमचा तसा वागला, भांडत बसा. क्लोन एक असला की निदान भांडण एकाच गोष्टीवर होतं. एक जीन मोडायचा, नेफ म्हणा व्हीआयएफ म्हणा, आणि बघायचं काय बिघडतं. एकूण जीन नऊ आणि अक्षरं साधारण ९,७००, एवढ्या भांडवलावर हा जगाला पुरून उरला.

पण ह्या काडीचं कूळ शोधलं तर मजा आहे. पीएनएलफोरथ्री म्हणजे मुळातच कलम, पुढचा अर्धा भाग एनवायफाइव्ह नावाच्या न्यूयॉर्कच्या व्हायरसचा आणि मागचा अर्धा एलएव्हीचा. एलएव्ही म्हणजे १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सापडलेला, ज्यावर २००८ चं नोबेल मिळालं तो. पाश्चरवाल्यांनी सॅम्पल अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या लॅबला पाठवले, पुढं गॅलोंनी आपला स्वतंत्र व्हायरस म्हणून एक जाहीर केला, आणि दोन्हींचे सिक्वेन्स, म्हणजे जीनोममधल्या अक्षरांचा क्रम, बघितले तर जवळजवळ एकच. मोठं भांडण झालं, रक्ततपासणीच्या पेटंटपर्यंत गेलं, १९८७ ला शेवटी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि फ्रान्सचे पंतप्रधान शिराक यांनी मिटवलं. एका व्हायरसपायी दोन देशांचे प्रमुख. आणि पुढं १९९१ मध्ये कळलं की गोंधळ त्याच्याही आधीचा, पाश्चरमध्येच एलएआय नावाच्या पेशंटचा जोमदार व्हायरस, एलएव्ही ज्याचा समजला जायचा त्या बीआरयू नावाच्या पेशंटच्या कल्चरमध्ये शिरला होता आणि बीआरयूचा म्हणून जो पाठवला तो प्रत्यक्षात एलएआयचा निघाला. म्हणजे जगातल्या दोन सगळ्यात हुशार लॅबमध्ये एकच पाहुणा लेबल न वाचता घुसला. आज सिक्वेन्सला नंबर देताना सगळे ज्याच्याशी ताडून बघतात तो एचएक्सबीटू, तोही त्याच एलएआयच्या खानदानातला. एका फ्रेंच माणसाची काडी सगळ्यांच्या रानात.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं. पुढं स्वतःचं झालं तेव्हा नाही आलं.

झालं काय, माझं काम टीझेडएम-बीएल सेलवर होतं. ह्या सेल फार सुंदर आहेत, खरंच. मूळच्या हेला, म्हणजे १९५१ साली बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईंच्या गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमधनं काढलेल्या, त्यांना न विचारता. त्याच वर्षी त्या गेल्या, पेशी अजून वाढतायत. त्या हेलामध्ये नंतर सीडीफोर आणि सीसीआरफाइव्ह घातले, म्हणजे एचआयव्हीला आत शिरायला लागणारी दारं बसवली, आणि आत दोन सिग्नल बसवले, एक रंगाचा, एक उजेडाचा. व्हायरस आत आला, आरएनएचं डीएनए झालं, ते सेलच्या डीएनएमध्ये जाऊन बसलं आणि त्यातनं टॅट नावाचं प्रोटिन बनलं, की हे टॅट जाऊन सिग्नलची कळ दाबतं. आपण रंगाचं केमिकल घातलं की ती सेल निळी होते. पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली बघितल्या तेव्हा एका बाजूला पांढुरक्या सेलची चादर आणि मध्ये मध्ये निळ्या, शाई शिंपडल्यासारख्या. पुस्तकात बाण काढून दाखवलेलं सगळं लाइफ सायकल एका निळ्या ठिपक्यात. मी त्या दिवशी मेसमध्ये जेवायला उशिरा गेले होते एवढं आठवतंय.

ह्या सेल आमच्या संपत आल्या होत्या, पॅसेज फार वाढलेले. नवीन मागवल्या. आल्या, पण विमानतळावर कागद अडकले, चार दिवस पेटी तशीच पडून, आणि ड्राय आइसला कागदाचं काय पडलंय, तो उडून गेला. पेटी उघडली तर आत व्हायल गरम. परत अर्ज, परत सह्या, परत वाट. माझा रिपोर्ट द्यायचा होता. मग मी काय केलं, शेजारच्या लॅबमधल्या मैत्रिणीला म्हटलं तुझ्या सेल दे की जरा. तिनं एक फ्लास्क दिला, मी तो कागदात गुंडाळून जिन्यानं खाली आणला. ती पहिली अट आठवतेय ना.

त्यानंतर चार महिने माझे आकडे वेडे झाले होते. प्लेटच्या ज्या खळग्यांमध्ये व्हायरस घातलाच नव्हता तिथंसुद्धा उजेडाचं रीडिंग चढलेलं. औषध घातलं तर कधी खाली यायचं कधी नाही. सेल दिसायला ठीक, फक्त जरा मंद वाढायच्या, मला वाटलं सीरमची बॅच खराब. सीरम बदललं. मग प्लेट बदलली. मग व्हायरस नव्यानं बनवला, पंधरा दिवस गेले. मग मी स्वतःवरच शंका घ्यायला लागले, की माझा हातच खराब आहे, आणि रात्री आईला फोन करून सांगितलं मला नाही जमत हे, मी येते सांगलीला, बीएड करते. आई म्हणाली ये, पण दिवाळी झाल्यावर ये, आत्ता घरात रंगकाम चालू आहे.

शेवटी सरांनी एक दिवस सहज विचारलं, ह्या सेल कुठल्या पॅसेजच्या? मी गप्प. "कुठनं आणल्या?" मी सांगितलं. सर ओरडले नाहीत, नुसते म्हणाले, मायकोप्लाझ्मा केलंस का? दुसऱ्या दिवशी डाय घालून फ्लुरोसन्समध्ये बघितलं तर न्यूक्लियसच्या भोवती बारीक बारीक ठिपक्यांची रांगोळी. मायकोप्लाझ्मा म्हणजे भिंत नसलेला इवलासा बॅक्टेरिया, मीडिया गढूळ करत नाही, सेल मारत नाही, नेहमीच्या पेनिसिलिनला ऐकत नाही, आत बसून खातो फक्त. सगळे फ्लास्क ब्लीचमध्ये. नोंदवहीत चार महिन्यांची पानं, त्यावर मी एक मोठी तिरकी रेघ मारली, ती वही अजून आहे माझ्याकडं. मैत्रिणीचे फ्लास्कसुद्धा गेले, आणि तिनं मला बरेच दिवस फोन केला नाही, तिचंही बरोबर होतं कारण तिनं तिसऱ्याकडनं घेतल्या होत्या आणि तिला तरी काय माहिती.

पुढच्या सुट्टीत मामांना हे सांगितलं. त्यांना मायकोप्लाझ्मा काही कळलं नाही पण दुखणं बरोबर कळलं. म्हणाले, "आगं आमच्या धाकट्या भावकीतल्या एकानं काड्या आणल्या, वळखीतल्याच माणसाकडनं, कलम भरलं, मांडव घातला, औषधं मारली, आन तिसऱ्या साली घड बघतोय तर निम्म्या वेली भलत्याच जातीच्या. आता ती वेल सांगतीय व्हय मी कोण म्हणून? पानावनं सगळ्यांस्नी वळखाय येत न्हाई." मी म्हटलं मग तुम्ही काय करता? म्हणाले, "मी ज्या वेलीवरनं काडी घ्यायची तिला फळ असतानाच चिंधी बांधून ठेवतो."

चिंधी बांधून ठेवणं म्हणजेच भांडाराचं खरं काम, हे मला तेव्हा लक्षात आलं. फुकट देणं हे त्यातलं सोपं काम. खरं काम म्हणजे कमी पॅसेजच्या व्हायल लिक्विड नायट्रोजनमध्ये उणे १९६ डिग्रीला दाबून ठेवायच्या, मायकोप्लाझ्मा बघायचा, सेल ज्या माणसाच्या म्हणतोय त्याच्याच आहेत का हे डीएनएवरनं ताडायचं.

आणि तरीही चुकतं. माझ्या त्या लाडक्या टीझेडएम-बीएल, त्यांच्यात २००८ मध्ये संशोधकांना उंदरांचा एक रेट्रोव्हायरस सापडला, आधीच्या पिढीपासनंच घुसलेला आणि सेल तो गुपचूप मीडियामध्ये सोडतायत. तोवर किती लॅबनी वापरल्या असतील. पुढच्याच वर्षी लसींच्या अँटिबॉडी टेस्टवर त्याचा परिणाम होत नाही असं तपासून छापलं गेलं, म्हणून त्या अजून चालतात. त्याहून मला आवडणारी, म्हणजे आवडणारी काय, भीती वाटणारी गोष्ट आहे एटइफाइव्ह नावाच्या सेल लाइनची. ह्या सेलमध्ये प्रत्येकीत एचआयव्हीची बरोबर एक कॉपी बसलेली आहे असं १९८६ पासनं धरलेलं, आणि तिचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज मोडकं असल्यामुळं ती पुढं पसरत नाही. म्हणून ती मापाला वापरायची, दुकानदाराच्या वजनासारखी, पेशंटच्या रक्तात एचआयव्हीचा डीएनए किती हे ठरवायला अमुक इतक्या एटइफाइव्ह म्हणजे तितक्या कॉपी. २०१७ मध्ये डिजिटल पीसीआरनं मोजलं तर ह्या सेल वाढवता वाढवता ती कॉपी सोडून देतात, बऱ्याचशा सेलमध्ये ती उरलेलीच नाही. किलोचं वजनच झिजलेलं. जे लोक एचआयव्ही शरीरातनं पूर्ण गेला का हे शोधतायत, ज्यांना थोडा थोडा उरलेला डीएनए मोजायचा असतो, त्यांच्या मापाचं हे.

फ्रीझरचंच निघालंय म्हणून सांगते, २०१९ ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या कॉलेजचा फ्रीझर कितीतरी दिवस बंद होता. आधीच्या सरांनी वर्षानुवर्षं सांभाळलेले बॅक्टेरिया, सगळे संपले. त्यातले बरेचसे परत मिळाले, काही पुण्याच्या एनसीआयएमकडनं, काही चंदीगडच्या एमटीसीसीकडनं, ही दोन्ही जिवाणूंची भांडारंच. जे सरांनी स्वतः हळदीच्या पेवाच्या मातीतनं काढलेले होते आणि कुठं ठेवायला दिलेले नव्हते ते गेले ते गेलेच. सर म्हणायचे पाठवू पाठवू.

आता माझी खरी तक्रार, आणि ही भांडारावर नाही, आपल्यावर जास्त आहे. पीएनएलफोरथ्री, एचएक्सबीटू, एटइफाइव्ह, हे सगळे बी सबटाइप, म्हणजे एचआयव्हीचा एक पोटप्रकार. बी म्हणजे अमेरिका-युरोपातला. आपल्याकडं भारतात बहुतेक सगळा सी आहे, आफ्रिकेच्या दक्षिण भागातही सी, जगातला सगळ्यात जास्त पसरलेला प्रकार तोच. आणि मी पुण्यात बसून, जिथनं तीन-चार तासांवर माझं गाव, जिथं हा सी माझ्या लहानपणी लोकांना घेऊन जात होता, तिथं बसून मी बीवर काम करत होते. कारण सोयीचा तोच. भांडारात सीचे क्लोनही होते, भारतातल्या व्हायरसवरनं बनवलेलेसुद्धा, पण तुलना करायला मागचे सगळे पेपर बीवरचे, मग गाइड म्हणतो आधी बीमध्ये कर. आणि सी तसाच वागतो का, तर नाही. त्याच्या स्विचपाशी, म्हणजे एलटीआरमध्ये, एनएफ-कप्पा-बी म्हणजे स्विच चालू करणारं सेलमधलं प्रोटिन चिकटायच्या जागा बीला दोन, सीला साधारण तीन, आणि बंगळूरच्या जेएनसीएएसआरच्या लोकांनी २०१२ मध्ये भारतात चार जागांचे सी व्हायरसही दाखवले. टॅट प्रोटिनमध्येही ३१ नंबरला बीमध्ये सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं, आपल्या सीमध्ये बहुतेक वेळा सेरीन, आणि तेवढ्यानं ते टॅट बीच्या टॅटसारखं मोनोसाइट पेशींना (ह्याही पांढऱ्या पेशीच) ओढून घेत नाही. मी जी कळ चार वर्षं दाबत होते ती दुसऱ्याच घरातली होती असं मला कधी कधी वाटतं.

माझ्या लहानपणी सांगलीचं नाव महाराष्ट्रातल्या जास्त केस असलेल्या जिल्ह्यांमध्ये असायचं. आमच्या गल्लीत एक ट्रकवाले काका होते, त्यांना "तसला आजार" होता, काकूंना पण, आणि त्यांच्या दारातनं आम्ही मुलं पळत जायचो, थांबायचं नाही असं सांगितलेलं. एप्रिल २००४ मध्ये सरकारची मोफत औषधं सुरू झाली, काका त्याच्या आदल्या वर्षीच गेले, काकू मात्र त्या गोळ्यांवर आजही आहेत आणि संक्रांतीला मला तिळगूळ देतात. पसरणं थांबवायचं काम इथं लॅबच्या फार आधी दुसऱ्या लोकांनी सुरू केलेलं होतं, सांगलीतल्या संग्राम ह्या संस्थेचं काम १९९२ पासनं, धंदा करणाऱ्या बायकांनीच एकमेकींना कंडोम पोचवायचे, समजवायचं. आम्ही फ्लास्कमध्ये एका टी सेलला दुसरी टी सेल चिकटते आणि त्या जोडातनं व्हायरस मोकळ्या पाण्यापेक्षा पटापट पलीकडं जातो हे बघत बसायचो, ते बघणंही लागतंच, पण त्या बायकांना जे कळलेलं होतं ते कुठल्या कॅटलॉगमध्ये नाही.

बरं. तर ह्या सोमवारी मी त्या मुलीला आणि अजून पाच-सहा जणांना कॉम्प्युटर लॅबमध्ये घेऊन बसले. आमच्या कॉलेजात बीएसएल थ्री सोडा, सीओटू इन्क्युबेटरही नाही, पण भांडारातली एक गोष्ट अशी आहे की तिला ड्राय आइस लागत नाही आणि कस्टमही नाही, ती म्हणजे सिक्वेन्स. अमेरिकेत लॉस अलामॉसला, हो तेच अणुबॉम्बवालं, तिथं १९८० च्या दशकापासनं एचआयव्हीच्या सिक्वेन्सचा डेटाबेस आहे, सगळ्यांना खुला. एचएक्सबीटू उतरवला, ९,७१९ अक्षरं, आणि मुलांना म्हटलं ह्यात जीजीजीएसीटीटीटीसीसी शोधा, ती एनएफ-कप्पा-बीची जागा, दोन मिळायला पाहिजेत. एक जण म्हणाला मॅडम चार आल्या. मला क्षणभर घाम फुटला, मग लक्षात आलं, एलटीआर दोन्ही टोकांना असतं, दोन दुणे चार. पोरगं बरोबर, मॅडम चुकल्या. सीमध्ये तिसरी जागा थोड्या वेगळ्या स्पेलिंगची असते त्यामुळं फाइंडमध्ये ती येतच नाही, एकेक अक्षर बोटानं बघत जावं लागतं, त्यावर त्यांची अर्धा तास झटापट चालली.

मग मी त्यांना पुण्याचे सिक्वेन्स दाखवले. १९९९ ला छापलेले, पुण्यातल्या नुकतीच लागण झालेल्या सहा जणांचे पूर्ण जीनोम. पाच शुद्ध सी आणि एक ए आणि सीचं मिश्रण निघालेलं, म्हणजे कुणाच्या तरी शरीरात दोन व्हायरसचं आपोआप कलम झालेलं. ते मिश्रण दाखवायला त्या पेपरमध्ये सिमप्लॉट म्हणून जे सॉफ्टवेअर वापरलं तेच पुढं जगभर वापरलं गेलं, कोविडच्या वेळीसुद्धा कोरोनाच्या जीनोमच्या तुलनेत त्याचे आलेख दिसायचे. पुण्यातल्या सहा माणसांच्या रक्तावर चाललेलं.

तीच मुलगी स्क्रीनकडं बघत होती. वर नाव होतं ९५आयएन२१०६८. म्हणाली, "मॅडम, हे काय?"

म्हटलं, ९५ म्हणजे साल, आयएन म्हणजे इंडिया, पुढचा सॅम्पलचा नंबर.

"म्हणजे हा माणूस."

"हो."

"पुण्याचाच असंल असं नाही ना मॅडम? आपल्याकडचे पण जात असतील की तिकडं, कामाला."

मी म्हटलं जात असतील. तिनं परत फाइल वर सरकवली आणि टॅट कुठनं सुरू होतं ते शोधायला लागली, ३१ नंबरचं अक्षर तिला बघायचं होतं. लाइट जायच्या आत.